बोटीचं इंजिन आणि मागचा बाक

सुरुवातीलाच सांगून टाकते, चूक माझी होती. हे वाक्य ऐकायला माझे दोन्ही भाऊ गल्लीच्या टोकावरून धावत येतील, म्हणून एकदाच म्हणते आणि पुन्हा म्हणणार नाही. पण ती चूक करायची वेळ माझ्यावर का आली, तेही ऐका. कारण दोन शहाण्या माणसांना तीन वर्षांत एक इंजिन निवडता आलं नाही. मी शिवणकाम करते. मला या भानगडीत पडायचं काय कारण होतं?

गाडी वडिलांची. जुनी, चौकोनी, चारही चाकांनी ओढणारी. वडील जमीन मोजणीच्या कामावर होते, त्यामुळे जिथे रस्ता संपतो तिथून त्यांची नोकरी सुरू व्हायची. गाडीच्या मागच्या भागात त्यांनी स्वतः एक लाकडी बाक बसवला होता, तोंड मागच्या दाराकडे. आम्ही तिघं लहानपणी इतके भांडायचो की ते म्हणाले, "माझ्याकडे पाठ करून भांडा." मागची ताडपत्री गुंडाळून वर बांधली की त्या बाकावरून गेलेला रस्ता दिसायचा. येणारा रस्ता आम्ही कधी पाहिलाच नाही.

वडील गेले, गाडी राहिली. तिचं पेट्रोलचं इंजिन पाण्यासारखं पेट्रोल प्यायचं, आणि एक दिवस त्याला उभी चीर गेली. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, बघितलं, मिटलं आणि टोपी काढली. मिस्त्री कमी बोलतात. त्यावरून आम्ही काय ते समजलो.

ठरलं की जुनं काढायचं आणि डिझेल बसवायचं. इथवर सगळ्यांचं एकमत होतं. हे आमच्या घरातलं शेवटचं एकमत.

दादा गणिताचा मास्तर. त्याने भिंतीवर कोष्टक लावलं. वजन, ताकद, खप, सुटे भाग मिळतात की नाही, सगळ्याला मार्क. त्याच्या मते पिकअपचं छोटं इंजिन सर्वांत गुणी. धाकटा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याला हवं होतं ट्रकचं सहा सिलिंडरचं धूड. "लिफ्टवर दहा माणसं लिहिलेली असतात, पण जोर पंधरांचा ठेवतात," तो म्हणायचा. "चढावर मार्क कामाला येत नाहीत." ते इंजिन गाडीत घातलं असतं तर त्याने गाडीच काय, मागून अख्खी गल्ली ओढून नेली असती.

दादाच्या कोष्टकात पिकअपला साडेएकसष्ट मिळाले आणि ट्रकला एकसष्ट.

"अर्ध्या मार्काने नापास?" धाकटा ओरडला. "ती मुलं तुझ्या वर्गात कशी जगतात रे?"

त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलायचे बंद. म्हणजे इंजिनावर बोलायचे, ते ओरडून. बाकी काही नाही. आणि गाडी माझ्या दुकानाच्या दारात रिकामं तोंड घेऊन उभी. गिऱ्हाईक यायचं ते तिला वळसा घालून. एका बाईंनी तर विचारलं, "हिचंही माप घेताय का?"

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं, पण आई होती.

आईची थोरली बहीण, म्हणजे आमची मावशी, टेकडीवरच्या पठारावर राहते, मधमाश्यांच्या पेट्या घेऊन. रस्ता आमच्या गल्लीच्या टोकापासून सुरू होतो, सात वळणं आणि नुसते धोंडे. शेवटच्या भाड्याच्या गाडीचा त्या रस्त्यावर आस तुटला, तेव्हापासून कुणी भाडं घेत नाही. मावशीचा खुबा मोडलेला, ती खाली येऊ शकत नाही. आईचे गुडघे गेलेले, ती वर चढू शकत नाही. गाडी चालू होती तोवर दर पंधरवड्याला भेट. गाडी बंद पडली आणि भेट फोनवर आली. दोघींनाही ऐकू कमी येतं. अर्धा तास नुसतं "काय?" आणि "काय म्हणालीस?" मग दोघी दमून फोन ठेवायच्या.

गेल्या वर्षी आईच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. आजूबाजूचं दिसणं गेलं. समोरचं दिसतं, तेही नळीतून बघितल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, औषध चालू ठेवू, पण हे समोरचं किती दिवस टिकेल ते सांगता यायचं नाही.

आई घरी आली, चप्पल काढली आणि म्हणाली, "मला अक्काचं तोंड बघायचंय. आवाज पुरे झाला. तोंड."

दादा म्हणाला, "हो आई, पुढच्या आठवड्यात पिकअपचं..."

धाकटा म्हणाला, "पिकअपचं? त्या चढावर?"

आणि सुरू. आई तिथेच उभी होती. दोघांपैकी कोण बोलतंय ते दिसावं म्हणून मान इकडून तिकडे वळवत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बास!" मी म्हटलं. "उद्या भंगारात जायचं. मी माप घेणार, मी ठरवणार. ज्याला बोलायचंय त्याने आत्ताच बोलून घ्यावं, उद्या तोंडात टाचण्या धरायच्या."

रात्रीतून मी खाकी कागदावर गाडीच्या पोटाचा नमुना कापला. लांबी, रुंदी, उंची, आणि सगळीकडून दोन इंच ढिलाई. कपडा असो की इंजिन, हात फिरायला जागा लागते.

भंगाराच्या आवारात आम्ही चौघं गेलो, मिस्त्री धरून. आधी धाकट्याचं ट्रकचं धूड मोजलं. माझ्या कागदाबाहेर ते हातभर आलं. बॉनेटच्या जागी तंबू ठोकावा लागला असता. मग दादाचं पिकअपचं. ते मापात बसत होतं, पण त्याच्या खालून तेल गळत होतं आणि आत कुणीतरी संसार थाटला होता. दादाने वाकून बघितलं तर उंदीर त्याच्याकडे बघत होता.

"याला सुट्या भागांचे मार्क दिले होते का?" धाकट्याने विचारलं.

मला खरं तर आनंद झाला. दोघंही हरले होते. आता तिसरं काहीही निवडलं तरी घरात भांडण नाही. इंजिन निवडायची ही पद्धत कुठल्या पुस्तकात नसेल, पण ज्याला दोन भाऊ आहेत त्याला कळेल.

"ही जोडी बघा," भंगारवाले काका म्हणाले. पत्र्याच्या आडोशाला दोन हिरवी इंजिनं शेजारी शेजारी ठेवली होती, जुळ्या बहिणींसारखी. चार सिलिंडर, डिझेल. "एकाच बोटीतली. दोन्ही चालू आहेत. मालकाने बोट मोडली आणि शेळ्या घेतल्या."

मी कागद लावला. काय सांगू! आयुष्यात कुणाला कोट असा बसला नाही. ढिलाई धरून सुताचाही फरक नाही.

"झालं," मी म्हटलं. "यातलं एक."

दोन भाऊ दोन इंजिनांकडे चालत गेले.

"उजवं," दादा म्हणाला. "कमी झिजलंय."

"डावं," धाकटा म्हणाला. "आवाज भरीव असणार."

"बंद इंजिनाचा आवाज?"

"तुला ऐकू येत नाही, त्याला मी काय करू?"

एकाच बोटीतली, एकाच रंगाची, एकाच मापाची इंजिनं, आणि ऐका, पाऊण तास! भंगारवाले काका जेवून आले. मिस्त्रींनी हळूच हात वर केला. "ताई, एक सांगायचं होतं. ही जोडी आहे ना, तर बोटीत..."

"मिस्त्री, तुम्हीसुद्धा? हात खाली!"

त्यांनी हात खाली केला.

"डावं," मी म्हटलं. का? त्याचा रंग कमी उडाला होता. एवढंच कारण. दादा अजून ऐकवतो, "मी उजवं म्हणत होतो." म्हणत होतास, बाबा. पण का म्हणत होतास? कारण धाकटा डाव्याकडे गेला होता.

इंजिन बसवायला बारा दिवस गेले. मिस्त्रींनी गिअरबॉक्सला जोडायला मधली प्लेट घडवली, खालचे आधार बदलले, रेडिएटर चार बोटं पुढे सरकवला. साखळीने इंजिन खाली सोडताना त्यांनी पुन्हा हात वर केला. मी म्हटलं, "मिस्त्री, दोन्ही हात साखळीवर!" सगळं बसल्यावर, किल्ली फिरवायच्या आधी, तिसऱ्यांदा केला. तेव्हा तिघंही आम्ही एका सुरात ओरडलो, "आता नको!" तीन वर्षांत आम्ही भावंडं पहिल्यांदा एका सुरात बोललो होतो. मला भरून आलं.

दादा स्टिअरिंगवर बसला. किल्ली फिरली. इंजिन दोनदा खोकलं, काळा धूर सोडला आणि लागलं की चालायला! असं गोड, एकसारखं धडधडत होतं की शेजारचा न्हावी अर्धी दाढी सोडून बाहेर आला. आई दारात उभी होती. तिने टाळ्या वाजवल्या. दादाने क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, आमच्याकडे बघून राजासारखी मान हलवली आणि क्लच सोडला.

गाडी मागे गेली.

मागे माझी फळी होती. फळीच्या खुंट्यांना शाळेचे बावीस गणवेश इस्त्री करून टांगलेले. गाडीने ते सगळे अंगावर घेतले आणि थांबली.

"अरे, पहिला टाक, पहिला!" धाकटा ओरडला.

"पहिलाच आहे!"

"उठ. मास्तरांना गिअर कळत नाहीत." धाकटा चढला. त्याने पहिला टाकला. गाडी आणखी मागे गेली, फळीसकट. त्याने दुसरा टाकला, तर जास्त वेगाने मागे. न्हाव्याने गिऱ्हाइकाला आत ओढलं. शेवटी धाकट्याने घाम पुसत रिव्हर्स टाकला आणि गाडी शांतपणे पुढे आली, बावीस गणवेश अंगावर घेऊन.

मग आम्ही तिघांनी मिस्त्रींकडे बघितलं.

"आता बोलू?" मिस्त्री म्हणाले.

"बोला."

"बोटीत इंजिनांची जोडी असली की एक असं फिरतं, एक तसं. दोन्ही एकाच बाजूला फिरली तर बोट वाकडी जाते. हे तसं फिरणारं. गाडीला लागतं ते असं फिरणारं." त्यांनी हाताने दोन्ही करून दाखवलं. "म्हणून आता गाडीला मागे जायला चार गिअर. पुढे जायला एक."

"आणि हे तुम्ही आज सांगताय?"

"तीनदा हात वर केला, ताई."

मी मटकन शिलाई मशीनच्या स्टुलावर बसले. तीस वर्षं मी बाह्या कापते. डावी बाही आणि उजवी बाही समोरासमोर ठेवली की सारखीच दिसते, पण एकीच्या जागी दुसरी लावून बघा! हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आणि जुळी इंजिनं समोर असताना माझं लक्ष कुठे होतं? रंगावर.

धाकट्याने भंगारवाल्यांना फोन लावला. उजवं इंजिन गेलं होतं. आठवड्यापूर्वीच कुणीतरी पंपासाठी नेलं. दुसरं शोधू, म्हणाले, महिना, दोन महिने.

दादा म्हणाला, "मी उजवं म्हणत होतो." धाकटा म्हणाला, "तुझ्या कोष्टकात 'फिरतं कसं' हा रकाना होता का?" आणि पुन्हा दोघं सुरू. मी गणवेश गोळा करत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. माझ्या उतावळेपणापायी आईचे दोन महिने गेले होते, आणि आईकडे मोजून किती महिने होते ते कुणालाच माहीत नव्हतं. आईच्या ते लक्षात आलं असणार. तिला दिसत नसलं तरी कळतं.

"मिस्त्री," आई म्हणाली, "ही मागे जाते ना?"

"जाते, आजी. उत्तम जाते."

"चढावर जाईल?"

मिस्त्रींनी विचार केला. "मागे तोंड करून जाईल. पुढे जायचा जो एक गिअर आहे त्याचे दात बारीक. तासभर चढावर ओढला तर तुटतील. उताराला जपून चालेल. पण हे चार मजबूत आहेत."

"मग तुमचं घोडं अडलंय कुठे?" असं म्हणून आईने हात पुढे केला. "मला त्या बाकावर चढवा."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग दादाने एक हात धरला, धाकट्याने दुसरा. आई वडिलांच्या बाकावर बसली, तोंड मागच्या दाराकडे. मी ताडपत्री गुंडाळून वर बांधली. घाईत एक गणवेश तिच्या मांडीवरच राहिला, तो तिने शालीसारखा पांघरला.

दुसऱ्या दिवसाची वाट बघितली नाही. सकाळचे दहा वाजले होते, ऊन चांगलं होतं, निघालो. आमची गाडी गल्लीतून ढुंगण पुढे करून निघाली तेव्हा न्हावी, त्याची गिऱ्हाइकं आणि समोरचा पाववाला, सगळे दारात. एकाने विचारलं, "काय विसरलात?" धाकटा म्हणाला, "अक्कल!" आणि त्याने पहिल्यांदा दादाच्या पाठीवर थाप मारली.

दादा स्टिअरिंगवर, मान मुरगळून मागे बघतोय. धाकटा बाजूला लोंबकळत ओरडतोय, "डावीकडे!" दादा म्हणतोय, "कुणाची डावी? माझी की गाडीची?" पहिल्या वळणावर आम्ही धोंड्यावर चढलो. दुसऱ्यावर जवळजवळ झाडात. मी आईच्या पायाशी बसून देवाचं नाव घेत होते.

"गप्प बसा दोघं," आई म्हणाली. "मी सांगते."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आईला आजूबाजूचं दिसत नाही, पण सरळ समोरचं दिसतं. आणि आज सरळ समोर रस्ता होता. अख्ख्या गाडीत चढाकडे तोंड करून नीट बसलेली ती एकटीच होती.

"सरळ. सरळ. धोंडा आहे, माझ्या उजव्या हाताला घे. अस्सं. आता वळण, हळू." तिचा आवाज बदलला होता. तीन वर्षं दोन मुलांनी एकमेकांचं एक अक्षर ऐकलं नव्हतं, पण तिचा शब्द पडला की धाकटा तो पुढे पोचवायचा आणि दादा स्टिअरिंग फिरवायचा. इंजिन, खोटं कशाला बोलू, सुरेख ओढत होतं. धाकट्याने विचारलं, "दादा, याला किती मार्क?" दादा म्हणाला, "उतरल्यावर सांगतो, मान अडकलीय."

सातव्या वळणानंतर पठार लागतं. आई एकदम पुढे वाकली.

"ती बघ," ती म्हणाली. "ती बघ अक्का. दारात उभी आहे. केस कापलेत तिने! मला फोनवर सांगितलं का कधी?"

आम्हाला तोवर काही दिसत नव्हतं. मी वळून बघितलं तेव्हा लांबवर एक काठी आणि एक पांढरं डोकं. आईने ते सगळ्यांत आधी पाहिलं होतं. गाडी मागे मागे जात राहिली आणि मावशी मोठी मोठी होत गेली, आधी काठी, मग हात, मग नाक, आणि शेवटी आई बाकावर बसल्या बसल्याच मावशीच्या नाकासमोर येऊन थांबली.

मावशीने गाडीकडे पाहिलं. आईच्या अंगावरचा शाळेचा गणवेश पाहिला.

"तुझं लहानपणापासून सगळं उलटंच," ती म्हणाली.

"केस का कापलेस?" आई म्हणाली, आणि तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

संध्याकाळपर्यंत दोघी अंगणात खुर्च्या समोरासमोर टाकून बसल्या होत्या. बोलणं थोडंच झालं. आई नुसती बघत होती. मावशी मधेच म्हणायची, "पुरे की आता, झिजेन मी." आई म्हणायची, "गप्प बस, हलू नकोस."

निघताना दादा आईला म्हणाला, "दोन महिन्यांत दुसरं इंजिन मिळेल. मग तुला पुढे बसवून नीट सरळ नेऊ. परत जाताना आता जरा वेळ लागेल, पुढे जायला एकच गिअर आहे, माणूस चालतो तेवढीच चालेल."

आई बाकावर चढून बसली होती. उतारावर गाडीचं तोंड पुढे, म्हणजे आईचं तोंड परत मावशीकडे. मावशी काठी टेकून दारात उभी होती. गाडी हलली, त्या बारीक दातांच्या गिअरवर, मुंगीच्या पावलांनी. मावशी तेवढीच राहिली, मग जराशी लहान झाली, मग आणखी जराशी.

"इंजिनाला हात लावलात तर बघा," आई मान न वळवता म्हणाली.

मिस्त्री सोबत नव्हते, पण मला वाटलं, असते तर त्यांनी या वेळी हात वर केला नसता. दादाने गाडी होती त्याहून हळू केली, आणि नेहमी जास्त जोर मागणारा धाकटा म्हणाला, "अजून हळू."